साडूचं कार्ड

मी मूळचा कुरुंदवाडचा. नाव दत्तू. आमचं दोन खोल्यांचं घर, वडील दुसऱ्याच्या मळ्यात भाजी तोडायला जायाचे, आई बाजारात बसायची, आनि मी शाळेत असा मधला, लई हुशार न्हाय आनि लई ढ बी न्हाय. दहावीला गणितात गेलो, तवा मामा म्हणाला चल इचलकरंजीशेजारी कबनूरला, यंत्रमागावर हात बसला तर उपाशी मरत न्हाईस, म्हणून एक पिशवी घिऊन आलो त्यो आजपतूर हितंच हाय. मी मोठ्यानं बोलतोय म्हणून बिचकू नका पावणं, भांडत न्हाय मी. तीस वरसं मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस हळू बोलूच शकत न्हाय, आमच्या गल्लीत नवरा-बायकोचं गुपित सुद्दा चार घरांत ऐकू जातंय.

आदी सुताच्या कांड्या भरल्या, मग माग चालवला, मग जॉबर झालो. जॉबर म्हंजे मागाचा डॉक्टरच म्हणा की, माग बिघडला की मला हाक. लांबनं आवाज ऐकून सांगतोय मी, कुठला नट ढिला हाय, धोटा कुठं अडतोय. मालक लोक घरी गाडी पाठवून न्यायाचे मला. म्हंजे बगा, मी काय अगदीच किरकोळ नव्हतो. हे आदीच सांगून ठिवतो, कारण पुढं जे सांगणार हाय त्यात मी लई बारका माणूस दिसणार हाय.

लोक दुसऱ्याच्या बंगल्यावर जळत्यात, कुणी कुणाच्या उसावर जळतंय. मी साडूच्या दवाखान्यावर जळलो. हसू नका, खरं सांगतोय.

माझं सासर हुपरीचं. सासरे घरातच चांदीची पैंजणं करायचे, त्यांना दोनच मुली. थोरली सुमन, ती माझी, आनि धाकटी लता, ती विलासरावची. विलासराव म्हंजे माझा साडू. त्यो कोल्हापूरला फौंड्रीत लागला, आदी साधा कामगार, मग सुपरवायजर. माणूस बोलायला मऊ, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. सासरे येईल-जाईल त्याला सांगायचे, आमचे विलासराव कंपनीत हायत. आनि माझं काय? आमचे दत्तू मागावर हायत. आता तुमीच बगा, तिकडं राव आनि हिकडं नुसता दत्तू. थोरला जावई मी.

तवापासनं सुरू झालं बगा हे. त्यानं गाडी घेतली, मी त्याच्यापेक्षा मोठ्या इंजनाची घेतली. त्यानं पोराला इंग्लिश शाळेत घातलं, मी माझ्या पोरीला घातलं, दोन वरसांत काढून परत मराठीत घालावं लागलं. अवो, रेशनकार्डाचं सुद्दा सोडलं न्हाय. माझं केशरी हुतं, त्याचं पांढरं. एकदा हुपरीत कशावरनं तरी विषय निघाला, तर लता सहज म्हणाली, आमचं पांढरं हाय, आमाला रेशन मिळत न्हाय. ती बिचारी तक्रार करत हुती, पर मला ऐकू आलं ते असं की आमी मोठी माणसं. दुसऱ्याच महिन्यात मी तहसीलात जाऊन उत्पन्न वाढवून लिवलं आनि कार्ड पांढरं करून घेतलं. सुमन आठ दिवस बोलली न्हाय माझ्याशी. गहू-तांदूळ बंद झाला की घरात. पर कार्ड पांढरं.

मग त्याला मुतखडा झाला.

त्या आजारानं माझ्या डोक्यात जे घर केलं ते काय सांगू तुम्हाला. कोल्हापुरात मोठा काचेचा दवाखाना, आमी दोघं सफरचंदं घिऊन बघायला गेलो. आत पाय ठिवला तर गार हवा, फरशीत तोंड दिसतंय. विलासराव एकटा एका खोलीत, भिंतीला टीव्ही, उशाला बेल, आनि एक बाई वही घिऊन इचारती की रातीला जेवायला काय देऊ, खिचडी का फुलके. आजारी माणसाला इचारून जेवण! मी म्हणलं, विलासराव, खर्च लई आला असंल. तर त्यो हसला आनि पाकिटातनं एक कार्ड काढून दाखवलं. म्हणाला, कंपनीचा विमा हाय की, चार लाखापतूर कॅशलेस, आत येताना हे दाखवलं की झालं, खिशाला हात लावायचा न्हाय, ह्यात लता हाय, पोरगं हाय, आई-वडील बी हायत. मी ते कार्ड हातात घिऊन उलटं-सुलटं बघितलं. प्लॅस्टिकचं, निळं, त्याचं नाव इंग्रजीत उठावदार. जॉबर माणूस मी, लोखंडात काम करणारा, आनि एवढ्याशा प्लॅस्टिकनं मला आतनं खाल्लं.

माझी आई गेली तवा सतरा दिवस दवाखान्यात हुती. तिच्या खाटंखाली पोतं टाकून मी झोपलेलो, आनि औषधाची चिठ्ठी आली की बाहेर पळायचं. तिनं एकदा मला इचारलं हुतं, दत्तू, मला पेज मिळंल का रं, आनि मला वाटीभर पेज मिळवायला सकाळची दुपार झाली. ते सगळं मला त्या गार खोलीत आठवलं. परत येताना यष्टीत सुमन एवढंच म्हणाली, लताचं नशीब चांगलं हाय. तिच्या मनात काय वाईट नव्हतं. पर मी इचलकरंजी येईपतूर खिडकीतनं बाहेर बघत बसलो आनि मनात ठरवलं, मी बी कार्ड काढणार, आनि त्याच्यापेक्षा मोठं काढणार.

आता लोक विमा कशासाठी काढत्यात? आजारपण येईल म्हणून. मी साडूला दाखवायला काढला.

आमच्या भागात एक गुरुजी हायत, शाळेतनं निवृत्त झालेले, विम्याचं काम बघत्यात. माणूस सरळ, चष्मा पुसत पुसत सगळं समजावून सांगणारा. त्यांना घरी बोलवलं. त्यांनी टेबलावर कागद पसरले आनि शाळेत शिकवल्यासारखं सुरू केलं, दत्तोबा, लाखाचा आकडा शेवटी बघायचा, आधी बघायचं की जुना आजार किती वर्षांनी धरणार, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, आपल्या इथला कुठला दवाखाना त्यांच्या यादीत आहे आणि बिलातला काही भाग आपल्याला भरावा लागणार आहे का. मी मान हलवत हुतो, पर कान कुठं हुते माझे? मी इचारलं, गुरुजी, पाच लाखाचं मिळंल न्हवं? चार न्हाय, पाच. गुरुजी म्हणाले, पाचच का? मी म्हणलं, असंच.

मग त्यांनी फॉर्म काढला आनि इचारलं, काही आजार? साखर, रक्तदाब, काही गोळ्या चालू?

पावणं, मला साखर हाय. तवा बी दहा वरसं झालेली. रोज सकाळी गोळी. गुरुजी यायच्या आदी मी ती गोळ्यांची पाकिटं मांडणीवरनं काढून तांदळाच्या डब्यात घातलीती. कारण मागावरच्या एका दोस्तानं सांगितलंतं की साखर लिवली की पैसे जास्त मागत्यात आनि रक्कम कमी देत्यात, त्याला तीनच लाखाचं मिळालेलं. तीन! साडूचं चार आनि माझं तीन? ते मला चाललंच नसतं. मी म्हणलं, काय न्हाय गुरुजी, घोड्यासारखा हाय. गुरुजींनी चष्म्यावरनं बघितलं, म्हणाले, दत्तोबा, इथं खरं सांगितलं तर थोडं कमी मिळेल, खोटं सांगितलं तर काहीच मिळणार नाही, परत एकदा विचारतो. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी हुती, हातात चहाचा ट्रे. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं न्हाय. म्हणलं, लिवा गुरुजी, काय न्हाय म्हणून लिवा. खाली सही ठोकली.

महिन्याभरात कार्ड आलं. हिरवं हुतं. आनि हुपरीला सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचं जेवण हुतं, सगळा गोतावळा जमलेला, तिथं मी ते खिशात घिऊन गेलो. जेवणं सुरू व्हायच्या आदी असाच विषय काढला आनि टेबलावर ठिवलं, म्हणलं, विलासराव, तुमचं चारचं हाय न्हवं? हे पाचचं हाय. सासरे कार्ड हातात घिऊन म्हणाले, व्हय की रं दत्तू, लई मोठं काम केलंस. आयुष्यात पहिल्यांदा. मला असं वाटलं माझी उंची वाढली.

विलासरावनं कार्ड हातात घिऊन बघितलं. मग म्हणाला, चांगलं केलंसा साडभाऊ, पर फॉर्मात सगळं खरं लिवलंय न्हवं? तुमच्या साखरंचं लिवलंय का?

माझं टाळकंच सरकलं. चार माणसांत मला खोटारडा म्हणतोय ह्यो! मी म्हणलं, तुमी कंपनीच्या जिवावर उड्या मारताय, मी माझ्या कमाईवर घेतलंय, आमाला शिकवू नका. तोंडात आलं ते बोललो. त्यो ताटावर बसला, पर पुरणपोळीचा एक तुकडा मोडला आनि हात धुतला. मला वाटलं, जळला. आनि काय गोड वाटलं मला, काय सांगू. त्या दिवशी मी चार पोळ्या खाल्ल्या, साखर असून.

त्यानंतर दीड वरीस आमचं बोलणं न्हाय. बायका फोनवर बोलायच्या तेवढंच.

मग एक दिवस कारखान्यात बीम उतरवत हुतो, सुताचा मोठा रूळ असतोय बगा मागाच्या पाठीमागं, त्यो. पायात नुसती चप्पल. बीमची कड डाव्या पायाच्या बोटावरनं घासत गेली, थोडं सालटं निघालं. दुखलं न्हाय अजिबात. मी खुश, म्हणलं वाचलो. हळद लावली, फडकं बांधलं आनि पाळी पुरी केली. आता कळतंय की साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं कळत न्हाय हेच खरं दुखणं असतंय, पर ते तवा सांगणार कोण? गोळी बी मी कवा घ्यायचो, कवा न्हाय. आठ-दहा दिवसांनी सुमन म्हणाली, अवं, वास कसला यायलाय? फडकं सोडलं तर करंगळी आनि तिच्या शेजारचं बोट काळं.

मी काय घाबरलो न्हाय बगा. खोटं वाटंल तुम्हाला, पर पहिला इचार माझ्या मनात काय आला सांगू? आता कार्ड वापराय मिळणार. आता मी गार खोलीत झोपणार आनि विलासराव सफरचंदं घिऊन येणार.

त्याच काचेच्या दवाखान्यात गेलो, मुद्दाम. काउंटरवर कार्ड दिलं, खोली मिळाली, टीव्ही बी हुता. आत आल्या आल्या डॉक्टरांनी इचारलं, साखर किती वर्षं? आता डॉक्टरफुडं खोटं बोलून कसं चालंल, पाय माझा हुता. मी म्हणलं, बारा वरसं झाली असतील. त्यांनी ते लिवलं. तेच कागद विमा कंपनीला गेले, आनि तिसऱ्या दिवशी काउंटरवरनं बोलावणं आलं. सुमन गेली खाली. परत आली ती पांढरीफट. म्हणाली, न्हाय म्हणत्यात. जुना आजार लपवलाय म्हणून पैसे न्हाईत, आनि पॉलिसी बी रद्द.

गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, दत्तोबा, मी दोनदा विचारलं होतं. बास, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आनि डॉक्टर म्हणत हुते, बोटं आज-उद्या काढाय पायजेत, वर चढलं तर घोट्यापासनं पाय जाईल. आमी तिथं थांबणं शक्य नव्हतं. सुमन भिंतीला टेकून उभी हुती. म्हणाली, त्या दिवशी दारात उभी हुते तवाच मी बोलाय पायजे हुतं. मी म्हणलं, तू बोलली असतीस तर मी तुझ्यावर खेकसलो असतो. ती म्हणाली, व्हय, म्हणूनच न्हाय बोलले. मग तिनं मला न इचारता फोन काढला आनि लताला लावला.

अर्ध्या तासात विलासराव आला. सफरचंदं न्हाईत, काय न्हाय, हेल्मेट हातात तसाच. दीड वरसांनी तोंड बघत हुतो एकमेकांचं. मला वाटलं आता बोलणार, सांगितलं नव्हतं का तुम्हाला? मी त्याची तयारी करून पडलो हुतो. त्यानं इचारलं, रेशनकार्ड कुठाय? मी म्हणलं, पिशवीत हाय, पर रेशनकार्डाचं काय? म्हणाला, सरकारी योजनेत करायचं ऑपरेशन, दुसऱ्या दवाखान्यात. मी म्हणलं, माझं पांढरं हाय, ती योजना पिवळ्या-केशरीवाल्यांची. आनि मनात म्हणलं, तुझ्यामुळंच पांढरं केलंय लेका. तर त्यो म्हणाला, ते आदी हुतं, आता नियम बदललाय, कुठल्या बी रंगाचं चालतंय, फकस्त आजार यादीत पायजे आनि दवाखाना योजनेतला पायजे, दोन्ही हाय, मी फोन करून इचारलंय.

मी बघतच राह्यलो. कंपनीच्या कार्डवाल्याला हे सगळं कुठनं ठावं?

त्यानंच रिक्षा आणली, त्यानंच मला धरून बसवलं. दुसऱ्या दवाखान्यात दारातच योजनेचा कक्ष हुता, लाकडी टेबल, फुडं ही लाईन. तिथं बसलेल्या बाईनं मान वर केली आनि विलासरावला बघून हसली. म्हणाली, काय विलासराव, परत? वहिनींची तब्येत कशी आहे आता, टाके बरे झाले का?

सुमन माझ्या शेजारी हुती. तिचा हात माझ्या हातातनं सुटला. म्हणाली, कसले टाके? कुणाचं?

विलासरावनं आदी माझे कागद टेबलावर ठिवले. मग हळू म्हणाला, लताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं, सहा महिने झाले, हितंच. तुम्हाला पुण्याला गेलीया म्हणून सांगितलं हुतं, तवा. सुमन म्हणाली, माझ्या भनीचं पोट फाडलं आनि मला ठाऊक न्हाय? तिनं का लपवलं? त्यो म्हणाला, मी लपवाय लावलं, आक्का.

कागदात एक भानगड निघाली, रेशनकार्डावर दत्तू आनि आधारवर दत्तात्रय. बाई म्हणाली, नाव जुळत नाही, दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आणा. विलासराव गेला. परत येईपतूर त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, इस्त्री कुठल्या कुठं गेलेली. मग कागद वर पाठवले आनि मंजुरीची वाट बघत आमी दोघं बाकड्यावर बसलो, सुमन लताला फोन करायला बाहेर गेलेली. तवा त्यानं सांगितलं.

फौंड्रीतलं त्याचं खातं बंद पडलं हुतं. त्याला घरी बसवलं, आता एका दोस्ताच्या वर्कशॉपात रोजावर जात हुता. म्हणाला, साडभाऊ, कंपनी सुटली त्या दिवशीच कार्ड सुटलं. वीस वरसं वाटलं ते माझं हाय, ते कंपनीचं हुतं. मग स्वतःचं काढाय गेलो, फॉर्मात सगळं खरं लिवलं, मुतखडा, रक्तदाब, लताची गाठ, तर एका कंपनीनं सरळ न्हाय म्हणून सांगितलं आनि दुसरी म्हणाली जुन्या आजाराला तीन वरसं थांबा. ती गाठ तीन वरसं थांबणार हुती का? आनि त्याच आठवड्यात तुमी हुपरीत टेबलावर कार्ड ठिवलंसा. पाच लाखाचं. सासऱ्यांनी तुमची पाठ थोपटली. मला घास गिळंना. इतका जळलो तुमच्यावर. मी खरं लिवून रिकामा आनि तुमाला साखर असून पाच लाख! म्हणून इचारलं तुम्हाला, खरं लिवलंय का. काळजीनं न्हाय इचारलं साडभाऊ. जळून इचारलं.

आता हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं तर तुम्हाला पटंल. पर खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. पाय सडलाय, काचेच्या दवाखान्याचं बिल भरून खिशात काय न्हाय, बाकड्यावर बसलोय, आनि आतनं गार वाटलं की ह्यो माझ्यावर जळला, ह्याचं कार्ड गेलं, ह्यो बी ह्याच लाईनीत उभा राह्यला. घडीभर लई बरं वाटलं. मग मी त्याच्या शर्टाकडं बघितलं, आनि माझी मलाच शिसारी आली. माझ्या कागदांची फाईल त्यानं मांडीवर दोन्ही हातांनी धरलीती, कुणी हिसकावून नेईल अशी. तेवढ्यात बाईनं हाक मारली, मंजुरी आली. त्यो उठून पळाला.

दोन बोटं गेली. पाय राह्यला.

आठ दिवस हुतो तिथं. एका वॉर्डात बाराजण, पंखा किरकिर करायचा, त्याचं बेअरिंग गेलेलं, मला पडल्या पडल्या कळायचं. जेवण साधं, इचारून देत नव्हते, पर मिळत हुतं येळेवर. लता आली, सुमन आनि ती आदी भांडल्या, मग गळ्यात पडून रडल्या, मग दोघींनी मिळून माझी खरडपट्टी काढली. सगळा वॉर्ड ऐकत हुता.

घरी आल्यावर गुरुजींना परत बोलवलं. माझं काय आता इतक्यात कुठं व्हायचं न्हाय, सरकारी योजना हाय तीच माझी. पर सुमनचं करायचं हुतं, कारण योजनेच्या यादीत सगळंच बसतंय असं न्हाय. त्यांनी फॉर्म काढला आनि इचारायच्या आदीच मी सांगाय सुरवात केली, हिला रक्तदाब हाय, गोळी ही हाय, बाळंतपणात टाके पडलेले, सर्दी झाली की पंधरा दिवस जात न्हाय. गुरुजी म्हणाले, दत्तोबा, सर्दी नको. कमी रकमेचं मिळालं, आनि रक्तदाबाला थांबायची मुदत हाय. ह्या बारीला मी दवाखान्यांची यादी सुद्दा वाचली, बोट ठिवून, एकेक नाव. आकडा शेवटी बघितला. तीन लाखाचा हुता. हुपरीला कुणाला दाखवला न्हाय.

आता मी अर्धीच पाळी करतोय, पायात बूट असतोय, रोज संध्याकाळी सुमन तळवा बघती उलटा धरून, आरशात बघावं तशी. आनि विलासराव? त्यो दर रविवारी आमच्याकडं येतोय. माझ्यामुळंच सुरू झालं, मी मागावर एकाला सांगितलं की माझ्या साडूला सगळं ठावं हाय, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. आता लोक पिशवीत कागद घिऊन येत्यात, कुणाचं आधार जुळत न्हाय, कुणाला योजनेतला दवाखाना पायजे, कुणी विमा कंपनीचा इंग्रजी कागद घिऊन येतंय की ह्यात काय लिवलंय सांगा. त्यो माझ्याच बाहेरच्या सोप्यात, माझ्याच खुर्चीवर बसतोय, खिशाला पेन, आनि सगळ्यांना आदी एकच सांगतोय, खरं लिवायचं. बायका त्याच्या पाया पडाय बघत्यात. विलासराव हायत म्हणून वाचलो म्हणत्यात. परवा एकजण दारातनं मला म्हणाला, विलासरावांचं घर हेच का?

हेच म्हणलं. काय म्हणणार.

जळतोय की अजून, तुमच्याफुडं खोटं कशाला बोलू. ह्या पायावर मी चालतोय ते त्याच्यामुळं, हे मला कळतंय, तरी जळतोय. आता बगा, आज रविवार, येईलच त्यो. सुमननं आधण ठिवलंय, आनि पहिला कप ती त्याला देणार, आलं घातलेला, आनि मला मागनं, बिनसाखरंचा. देवा, त्याला शंभर वरसं औक्ष दे, लताला दे, त्याच्या पोराला चांगली नोकरी दे. आनि एखाद्या रविवारी पहिला कप मला दे. बसा पावणं, तुमी बी चहा घिऊनच जावा.